विरोधात असणं आणि विरोधात जाणं

पत्र:

‘माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. इंग्रजी वाचता येतं, लिहितानाही फारसं अडत नाही. आमच्या विभागप्रमुखांनी नुकताच कामाच्या वाटपात एक बदल केला. मला तो पटला नाही, म्हणून मी ईमेलमध्ये लिहिलं, “आय ॲम गोइंग अगेन्स्ट युवर डिसिजन” आणि खाली माझी कारणं दिली. त्यांचं एका ओळीत उत्तर आलं, “म्हणजे ठरलेलं काम तुम्ही करणार नाही, असं समजू का?” मला धक्काच बसला. मी फक्त माझं मत मांडलं होतं. शब्दकोश उघडला तर “गो अगेन्स्ट”चे तीन अर्थ निघाले आणि गोंधळ आणखी वाढला. मध्यंतरी एका बातमीत “द रूलिंग वेंट अगेन्स्ट द कंपनी” असं वाचलं होतं, तेही मला नीट कळलं नव्हतं. शिवाय “स्टँड अप टू”, “पुश बॅक” हे सगळे विरोधाचेच शब्द. कोणता कुठे वापरायचा? हे शब्द मध्येच तोडता येतात का? बोलताना जोर कशावर द्यायचा? सध्या तरी इंग्रजीत कुणाला विरोध करायचाच नाही असं ठरवलं आहे. जे येईल त्याला “ओके” लिहिते आणि गप्प बसते.’

उत्तर:

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. एक क्रियापद चुकीच्या जागी पडलं म्हणून पटत नसलेल्या गोष्टीला ‘ओके’ लिहीत राहायचं, हे नुकसान फार मोठं आहे. तुमच्याकडे मत आहे, कारणं आहेत, ती मांडायची तयारीही आहे. अडलंय ते एका शब्दापाशी, आणि ते सुटण्यासारखं आहे. म्हणून आधी ईमेलचं बघू.

तुमच्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. ‘गो अगेन्स्ट’च्या पुढे ‘डिसिजन’ चालतं, काळही बरोबर आहे. गडबड एवढीच झाली की त्या वाक्याने तुमचं मत सांगितलंच नाही, तुमची कृती सांगितली. माणूस कर्ता असतो तेव्हा ‘गो अगेन्स्ट’ म्हणजे सांगितलेलं, ठरलेलं किंवा अपेक्षित असलेलं सोडून दुसरंच काही करणं. ‘शी वेंट अगेन्स्ट हर डॉक्टर्स ॲडव्हाइस’ याचा अर्थ तिला डॉक्टरांचा सल्ला आवडला नाही असा होत नाही. तिने तो मोडला. विश्रांती घ्या असं सांगितलेलं असताना ती कामावर हजर झाली, असं काहीतरी तिथे घडलेलं आहे. ‘ही वेंट अगेन्स्ट हिज पॅरेंट्स विशेस’ असं वाचलं की वाचणारा लगेच विचारतो, असं त्याने केलं तरी काय? कॉलेज सोडलं? परदेशी गेला? या क्रियापदाच्या पोटात एक कृती दडलेली असते आणि वाचणाऱ्याला ती ऐकायची असते.

त्यातही एक गंमत बघा. सल्ला पूर्णपणे पटलेला असूनही माणूस त्याच्या विरोधात जाऊ शकतो. सिगारेट वाईट हे ज्याला मनापासून मान्य आहे, तोही ओढताना डॉक्टरांच्या सल्ल्याच्या विरोधातच जात असतो. त्याचं मत सल्ल्याच्या बाजूने आहे आणि वागणं मात्र उलट. आणि तुमच्यासारखं कुणी, मत विरोधात असूनही, ठरलेलं काम नेमकं करत असतं. अशा माणसाबद्दल ‘गो अगेन्स्ट’ म्हणताच येणार नाही.

तुम्ही वापरलेल्या काळाने यात भर घातली. ‘आय ॲम गोइंग अगेन्स्ट’ याचे दोन अर्थ निघतात, मी आत्ता विरोधात वागते आहे किंवा लवकरच वागणार आहे. दोन्ही अर्थांनी ती नकाराची सूचनाच होते. त्यामुळे तुमच्या साहेबांनी जो प्रश्न विचारला तो रागाने विचारला असेलच असं नाही. त्यांनी वाक्य जसं होतं तसं वाचलं आणि ज्याची खात्री करून घ्यायला हवी होती तीच करून घेतली. खरं तर विचारलं हे बरंच झालं. न विचारता मनात गाठ बांधली असती तर तुम्हाला पत्ताही लागला नसता.

ही चूक मराठीमुळे झाली असं तुम्हाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. मराठीने तुम्हाला वाचवलंच असतं. ‘मी या निर्णयाच्या विरोधात आहे’ आणि ‘मी या निर्णयाच्या विरोधात जाते आहे’ ही दोन वाक्यं एकदा मोठ्याने म्हणून बघा. पहिलं सभेत उभं राहून कुणीही म्हणेल. दुसरं म्हणणारा माणूस काहीतरी पाऊल उचलून बसलेला आहे, हे आपल्याला न सांगता कळतं. ‘असणं’ आणि ‘जाणं’ यातला फरक आपल्या भाषेत जितका स्वच्छ आहे तितकाच इंग्रजीत ‘बी अगेन्स्ट’ आणि ‘गो अगेन्स्ट’मध्ये आहे. मराठीत तुम्ही साहेबांना ‘जाते आहे’ असं कधीच लिहिलं नसतं. तेव्हा पुढच्या वेळी शंका आली तर वाक्य आधी मराठीत म्हणा. तिथे ‘जाणं’ न येता नुसतं ‘आहे’ येत असेल तर इंग्रजीतही ‘गो’ नको.

मग लिहायचं काय? ‘आय ॲम अगेन्स्ट धिस डिसिजन’ अर्थाने बरोबर आहे, पण कामाच्या पत्रात ते जरा रोखठोक वाटतं, मतदानात हात वर केल्यासारखं. ‘आय डिसअग्री विथ धिस डिसिजन’ स्पष्टही आहे आणि सभ्यही. त्याहून मऊ हवं असेल तर ‘आय हॅव सम कन्सर्न्स अबाउट धिस डिसिजन’. याचा शब्दशः अर्थ काळजी वाटते एवढाच असला तरी कामाच्या जगात सगळे ते ‘मला हे पटलेलं नाही’ असंच वाचतात. ‘आय ऑब्जेक्ट टू धिस डिसिजन’ मात्र जपून वापरा. ती नोंदवलेली हरकत आहे, तिला औपचारिक वजन आहे. रोजच्या मतभेदासाठी ती फार जड होते, आणि जिथे खरोखर हरकत नोंदवायची असते तिथे तिच्याइतकं नेमकं दुसरं काही नाही.

इथेच आणखी एक सांगून ठेवते, कारण मराठी बोलणाऱ्यांची ही चूक सतत दिसते. आपण ‘निर्णयाला विरोध करतो’, त्या ‘ला’साठी इंग्रजीत ‘टू’ घालावासा वाटतो आणि ‘आय अपोज टू धिस’ लिहिलं जातं. ‘अपोज’ला मागे-पुढे काही लागत नाही: ‘आय अपोज धिस’. ‘टू’ येतो तो ‘अपोज्ड’बरोबर: ‘आय ॲम अपोज्ड टू धिस’. दोन्हींत अर्थ जवळजवळ तोच, पण पहिल्यात तुम्ही काहीतरी करता आहात, दुसऱ्यात तुमची भूमिका तशी आहे. पुन्हा तोच करणं आणि असणं यातला फरक.

साहेबांना आजच दोन ओळी पाठवा. लांबलचक खुलासा नको, माफीनामाही नको. ‘आय वॉज नॉट क्लिअर. आय विल डू द वर्क ॲज डिसायडेड, बट आय डिसअग्री विथ द डिसिजन, अँड आय वुड लाइक टू डिस्कस माय रीझन्स.’ काम करणार हे आधी, पटलेलं नाही हे नंतर, आणि बोलायचं आहे हे शेवटी. क्रम असाच ठेवा, कारण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना पहिल्याच दमात मिळायला हवं. ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ लिहू नका, तेवढं मात्र बघा.

तुमच्या हातून ‘गो अगेन्स्ट’ योग्य ठिकाणी कधी पडेल, तेही सांगते. एक म्हणजे खरोखर सूचना मोडली असेल आणि ते सांगायचं असेल तेव्हा: ‘आय वेंट अगेन्स्ट युवर इन्स्ट्रक्शन्स बिकॉज देअर वॉज नो टाइम टू आस्क.’ यात लपवाछपवी नाही. केलं आणि का केलं, दोन्ही समोर ठेवलंय. दुसरं म्हणजे नकारात: ‘आय डोन्ट वॉन्ट टू गो अगेन्स्ट युवर विशेस, बट आय थिंक वुई शुड वेट.’ मी मोडणार नाही, पण ऐकून घ्या, असा त्याचा सूर आहे. मराठीत आपण म्हणतो ना, ‘तुमच्या शब्दाबाहेर मी नाही, पण...’ अगदी तेच. मतभेदाच्या सुरुवातीला हे वाक्य फार उपयोगी पडतं.

‘अगेन्स्ट’च्या पुढे काय येतं यावरही धार ठरते. पुढे ‘विशेस’, ‘ॲडव्हाइस’, ‘ऑर्डर्स’ असेल तर तुम्ही त्या एका गोष्टीपुरते विरोधात गेलात. पुढे थेट माणूसच आला, ‘ही वेंट अगेन्स्ट हिज ब्रदर’, तर मामला नात्यापर्यंत पोचला. मराठीतही ‘भावाच्या सांगण्याविरुद्ध गेला’ आणि ‘भावाच्या विरोधात गेला’ यांत केवढा फरक आहे. म्हणून कामाच्या ठिकाणी शक्यतो पुढे माणूस ठेवू नका. तुम्ही ‘यू’ लिहिलं नाहीत, ‘युवर डिसिजन’ लिहिलंत, हे त्यातल्या त्यात बरं केलंत.

आता शब्दकोशातला दुसरा अर्थ, आणि माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा. इथे कर्ता माणूस नसतो. एखादी गोष्ट, प्रस्ताव, कल्पना, वागणूक कर्ता असते आणि ती कशाशी तरी विसंगत आहे एवढंच वाक्य सांगतं. ‘लाइंग गोज अगेन्स्ट हर प्रिन्सिपल्स’, खोटं बोलणं तिच्या तत्त्वात बसत नाही. ‘धिस आयडिया गोज अगेन्स्ट ऑल द एव्हिडन्स’, ही कल्पना सगळ्या पुराव्यांशी विसंगत आहे. बघा, इथे कुणी बंड केलेलं नाही, कुणी काही मोडलेलं नाही. दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, इतकंच. त्यामुळे काळसुद्धा साधा वर्तमान राहतो. ‘लाइंग इज गोइंग अगेन्स्ट हर प्रिन्सिपल्स’ असं कुणी म्हणत नाही, कारण तत्त्वात न बसणं ही चालू असलेली क्रिया नाही, ती कायमची स्थिती आहे.

याचा उपयोग असा. तुम्हाला बदल पटत नाही आणि त्याचं कारण हे आहे की आधी ठरलेल्या धोरणाशी तो जुळत नाही. मग लिहा, ‘धिस चेंज सीम्स टू गो अगेन्स्ट द पॉलिसी वुई अग्रीड ऑन.’ आता विरोधात कोण गेलं? तुम्ही नाही, साहेबही नाहीत. बदल गेला. ‘सीम्स टू’मुळे तर ‘मला असं दिसतंय, तुम्ही तपासून बघा’ एवढीच जागा उरते. समोरच्याला स्वतःचा बचाव करावा लागत नाही, तो बदलाकडे आणि धोरणाकडे बघू लागतो. तीच दोन शब्दांची जोडी, फक्त कर्ता बदलला, आणि वाद माणसावरून मुद्द्यावर आला. असंतोष सांगण्याची याहून सभ्य रचना मला माहीत नाही. ती पाठच करून टाका.

कायद्याबाबत मात्र थोडं सांभाळून. ‘इट गोज अगेन्स्ट द लॉ’ चालतं, पण बोलीत ‘इट इज अगेन्स्ट द लॉ’ जास्त ऐकू येतं, आणि कुणी कायदा मोडला असेल तर सरळ ‘ब्रेक द लॉ’. ‘गो अगेन्स्ट’ खुलून दिसतो तो ‘द स्पिरिट ऑफ द लॉ’बरोबर, म्हणजे कलमाचं अक्षर पाळलं पण हेतूला धक्का लावला, अशा ठिकाणी.

याच अर्थातला एक वाक्प्रचार ओळखीचा करून घ्या: ‘गो अगेन्स्ट द ग्रेन’. ‘ग्रेन’ म्हणजे इथे धान्य समजू नका. लाकडाच्या अंगात ज्या रेषा असतात, तंतूंची जी एक दिशा असते, ती ग्रेन. रंधा त्या दिशेने चालवला तर पातळ, सलग साल निघते आणि लाकूड हाताला गुळगुळीत लागतं. उलट दिशेने चालवला तर पातं अडकतं, तंतू उचकटतात, पृष्ठभागावर ओरखडे आणि तुसं उठतात. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की अर्थ आपोआप कळतो: स्वभावाच्या, अंगवळणी पडलेल्या सवयीच्या उलट जाणं. ‘इट गोज अगेन्स्ट द ग्रेन टू थ्रो अवे अ गुड बुक’, चांगलं पुस्तक टाकून देणं जिवावर येतं. ‘इट’ आधी, ‘टू’ आणि क्रियापद नंतर, अशी त्याची ठरलेली मोडणी आहे. माणूस कर्ता करून ‘शी ऑल्वेज गोज अगेन्स्ट द ग्रेन’ असंही म्हणतात, तेव्हा अर्थ होतो की ती चारचौघांपेक्षा वेगळ्या वाटेने जाते. बहुतेक वेळा त्यात कौतुक असतं.

आता तुमची बातमी. ‘द रूलिंग वेंट अगेन्स्ट द कंपनी.’ हा तिसरा अर्थ, आणि इथे तर मराठी तुमच्या अगदी मदतीला येते, कारण आपणही ‘निकाल कंपनीच्या विरोधात गेला’ असंच म्हणतो. निकाल, मतदान, सामना, नशीब असं काही कर्ता असेल तर ‘गो अगेन्स्ट’ म्हणजे प्रतिकूल ठरणं. कुणाची इच्छा मोडण्याचा इथे प्रश्नच नाही, कारण निकालाला स्वतःची इच्छा नसते. ‘द व्होट वेंट अगेन्स्ट देम’, मतदान त्यांच्या विरोधात गेलं. ‘इफ द डिसिजन गोज अगेन्स्ट मी, आय विल अपील’, निर्णय माझ्या विरोधात गेला तर मी अपील करीन. आणि या अर्थात चालू काळ बिनदिक्कत चालतो, कारण पारडं खरोखरच हळूहळू झुकत असतं: ‘द मॅच वॉज गोइंग अगेन्स्ट देम.’

याचं उलट काय, हेही सोबतच लक्षात ठेवा. ‘द रूलिंग वेंट इन द कंपनीज फेवर’, निकाल कंपनीच्या बाजूने लागला. आणि निकालाऐवजी न्यायाधीश कर्ता करायचा असेल तर ‘गो’ सोडून द्या. ‘द जज वेंट अगेन्स्ट द कंपनी’ म्हटलं तर न्यायाधीशांनी कंपनीशी वैर धरल्यासारखं वाटू शकतं. त्यासाठी ‘द जज रूल्ड अगेन्स्ट द कंपनी’ हे नेमकं आहे.

थोडक्यात, तीन अर्थ पाठ करायची गरज नाही. कर्ता कोण आहे तेवढं बघा. माणूस असेल तर त्याने काहीतरी मोडलं, कल्पना किंवा वागणूक असेल तर ती कशाशी तरी जुळत नाही, निकाल किंवा नशीब असेल तर ते कुणाला तरी प्रतिकूल गेलं. वाक्याचा पहिला शब्दच तुम्हाला अर्थ सांगून टाकतो.

आता बाकीचे विरोधक. सगळ्यांची यादी देत नाही, जे रोज भेटतात आणि घोटाळा करतात तेवढेच घेते.

‘स्टँड अप टू’मध्ये समोरचा आपल्यापेक्षा बलवान असतो आणि आपण न घाबरता उभे राहतो. ‘शी स्टुड अप टू द बुली’, दादागिरी करणाऱ्याला ती पुरून उरली, त्याच्यापुढे नमली नाही. बरोबरीच्या माणसाशी झालेल्या मतभेदाला हा शब्द लावला तर तो माणूस नकळत गुंड ठरतो. म्हणून ‘आय स्टुड अप टू माय मॅनेजर’ असं मैत्रिणीला सांगता येईल, मॅनेजरला लिहिता येणार नाही. आणि ‘टू’च्या जागी ‘फॉर’ टाकलात तर अर्थ पार उलटा होतो. ‘स्टँड अप फॉर’ म्हणजे कुणाची बाजू घेऊन उभं राहणं. ‘शी स्टुड अप टू मी’ आणि ‘शी स्टुड अप फॉर मी’ यात शत्रू आणि मित्र एवढा फरक आहे. निर्जीव वस्तूही ‘स्टँड अप टू’ करतात, तेव्हा अर्थ टिकणं: ‘धिस आर्ग्युमेंट वोन्ट स्टँड अप टू स्क्रुटिनी’, हा युक्तिवाद छाननीत टिकणार नाही.

‘पुश बॅक’ सध्या कार्यालयांत फार चालतो, आणि त्यात एक खड्डा आहे. ‘वुई पुश्ड बॅक ऑन द डेडलाइन’ म्हणजे मुदतीला आम्ही हरकत घेतली, ती मान्य नसल्याचं कळवलं. ‘वुई पुश्ड बॅक द डेडलाइन’ म्हणजे आम्ही मुदत पुढे ढकलली. मधला ‘ऑन’ गेला की हरकतीची थेट मुदतवाढ होते! पहिल्या वाक्यात मुदत अजून तशीच आहे, दुसऱ्यात ती हललेली आहे. कामाचा ईमेल लिहिताना हा ‘ऑन’ दोनदा तपासा.

‘कम आउट अगेन्स्ट’ म्हणजे जाहीरपणे विरोधाची भूमिका घेणं, ‘टर्न अगेन्स्ट’ म्हणजे आधी बाजूने असलेल्याने उलटणं. ‘बी अप अगेन्स्ट’मध्ये तर विरोध करणं नसतंच, विरोधाला तोंड द्यावं लागणं असतं: ‘वुई आर अप अगेन्स्ट अ टाइट डेडलाइन’. ‘होल्ड अगेन्स्ट’ मला विशेष आवडतो, कारण त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्दप्रयोग आहे, मनात अढी धरणं. ‘प्लीज डोन्ट होल्ड इट अगेन्स्ट मी’, याबद्दल माझ्याविषयी अढी धरू नका. तुमच्या साहेबांशी बोलणं झाल्यावर शेवटी हे एक वाक्य म्हणायला हरकत नाही.

आणि ‘फाइट विथ’? ‘विथ’ म्हणजे सोबत, मग भांडण सोबत कसं, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. जुन्या इंग्रजीत ‘विथ’चा मूळ अर्थच ‘विरुद्ध’ असा होता. सोबतीचा अर्थ नंतर प्रबळ झाला आणि जुना अर्थ ‘फाइट विथ’मध्ये आणि ‘विथस्टँड’सारख्या शब्दांत राहून गेला. आपल्या ‘शी’चंही असंच आहे. मैत्रीही कुणाशी तरी होते आणि भांडणही कुणाशी तरीच होतं, आणि त्यावाचून आपलं कधी अडलेलं नाही.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर एक जुनी साक्ष काढते. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी लिहून ठेवलंय की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परक्या माणसाला सगळ्यात जास्त अवघड जाते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव तेव्हा रूढही नव्हतं. ते लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 1925 साली पुस्तकात वापरलं आणि तिथून पसरलं. म्हणजे नाव पडायच्या कितीतरी आधी ही अडचण खुद्द कोशकारानेच मान्य केलेली आहे. तुम्ही अडलात ती जागा सगळेच अडतात अशी आहे.

तोडण्याबद्दल विचारलंत. ‘गो अगेन्स्ट’ तुटत नाही, म्हणजे कर्म मध्ये घुसत नाही. ‘गो इट अगेन्स्ट’ असं कधीच होत नाही, ‘गो अगेन्स्ट इट’च. ‘होल्ड अगेन्स्ट’मध्ये ‘इट’ मध्ये आलेलं आत्ताच पाहिलं, कारण तिथे अढी धरायची गोष्ट एक आणि जिच्याविषयी धरायची ती व्यक्ती दुसरी. ‘गो’ला स्वतःचं कर्म लागत नाही, त्यामुळे मध्ये बसायला कुणी नसतंच. क्रियाविशेषण मात्र मध्ये सुखाने बसतं: ‘धिस गोज डायरेक्टली अगेन्स्ट द पॉलिसी.’ प्रश्न विचारताना ‘अगेन्स्ट’ शेवटी एकटा पडला तरी बिचकू नका: ‘हूज ऑर्डर्स डिड ही गो अगेन्स्ट?’ हे बरोबर इंग्रजी आहे. कर्मणी रचना टाळा. ‘हिज विशेस वेअर गॉन अगेन्स्ट’ ऐकायला फार ओबडधोबड लागतं, त्याऐवजी ‘हिज विशेस वेअर इग्नोर्ड’. आणि ‘हॅज’, ‘हॅव’नंतर ‘वेंट’ नको, ‘गॉन’ हवं: ‘शी हॅज गॉन अगेन्स्ट द रूल्स.’

राहिला जोर. पुढे नाम असेल तर जोर नामावर पडतो, ‘वेंट अगेन्स्ट द कंपनी’मध्ये ‘कंपनी’ ठळक आणि ‘अगेन्स्ट’ पटकन उरकलेला. पुढे ‘हिम’, ‘देम’, ‘इट’ असं सर्वनाम असेल तर ते हलकं होतं आणि जोर ‘अगेन्स्ट’च्या ‘गे’वर सरकतो: ‘इट वेंट अ-गेन्स्ट हिम’. सुरुवातीचा ‘अ’ दोन्हीकडे अगदी पुसट, ओठ न ताणता म्हटलेला. वरची उदाहरणं एकदा नाम घालून आणि एकदा सर्वनाम घालून मोठ्याने म्हणा, चार-पाच वाक्यांतच जोर आपोआप जागेवर पडू लागेल.